काट्याला न दिसणारी कमाई

चेन्नईचे डॉ. ए. रामचंद्रन आणि त्यांचे सहकारी यांचा एक अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. वजन कमी करायला निघालेल्या आणि मध्येच हिरमुसून बसलेल्या प्रत्येकाला तो कुणीतरी नीट समजावून सांगायला हवा, असं मला फार वाटतं. रक्तातली साखर वाढू लागलेली, पण अजून मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेली ५३१ माणसं त्यात होती. त्यांचे चार गट केले. एका गटाला नेहमीचा सर्वसाधारण सल्ला दिला. दुसऱ्याला आहार सांभाळायला आणि रोज निदान अर्धा तास भरभर चालायला सांगितलं. तिसऱ्याला मेटफॉर्मिनची गोळी दिली आणि चौथ्याला दोन्ही. तीन वर्षांत पहिल्या गटातल्या ५५ टक्के लोकांना मधुमेह झाला. चालणाऱ्या गटात हे प्रमाण ३९ टक्क्यांवर राहिलं. धोका सुमारे २८ टक्क्यांनी कमी झाला, जवळपास गोळीइतकाच. आणि या चालणाऱ्या मंडळींचं वजन? ते होतं तिथेच होतं.

त्या गटातला एखादा माणूस डोळ्यासमोर आणा. सहा महिने तो चालतोय, भात मोजून घेतोय, गोड टाळतोय. एका सकाळी काट्यावर उभा राहतो आणि आकडा जुनाच दिसतो. घरी येऊन तो बूट कोपऱ्यात सारतो, ‘आपल्या अंगाला हे लागूच पडत नाही’ म्हणतो आणि सोडून देतो. त्याच सहा महिन्यांत त्याचं शरीर मधुमेहापासून लांब सरकत होतं, हे त्याला कळायला मार्गच नसतो. आपल्याकडे असं रोज घडतं. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या सहकार्याने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे आणि १३ कोटींहून अधिक त्या वाटेवर आहेत. इतक्या लोकांनी काट्याकडे बघून चालणं सोडावं, ही गोष्ट मला सहन होत नाही.

काटा इतका निराश का करतो, हे आधी साध्या हिशेबाने पाहू. साठ-पासष्ट किलोचा माणूस तासभर बऱ्यापैकी वेगाने चालला, तर त्याच्या दोन-सव्वादोनशे कॅलरी खर्च होतात. एक किलो चरबीत साधारण ७,७०० कॅलरी साठवलेल्या असतात. म्हणजे महिनाभर एकही दिवस न चुकवता चालून, जेवणात काहीही न वाढवता, फार तर पाऊण-एक किलो चरबी जाईल. आणि आपलं वजन रोजच्या रोज, काहीही केलं नाही तरी, एक-दीड किलोने खाली-वर होत असतं. महिन्याची सगळी मेहनत या चढउतारात सहज दडून जाते.

हा चढउतार बहुतेक पाण्याचा असतो. स्नायूंमध्ये आणि यकृतात मिळून साधारण अर्धा किलो ग्लायकोजेन, म्हणजे साठवलेली साखर असते, आणि तिच्या दर ग्रॅममागे तीनेक ग्रॅम पाणी धरून ठेवलेलं असतं. भात-पोळी एकदम कमी केली की हा साठा रिकामा होतो आणि पहिल्याच आठवड्यात दीड-दोन किलो ‘उतरतात’. घरभर आनंद होतो. पुढच्या आठवड्यात काटा थांबतो आणि माणूस खचतो. खरं तर पहिला आनंदही पाण्याचाच होता. उलट बाजूही तशीच. रविवारी लग्नाला जाऊन पंगतीत जेवलात, लोणचं-पापड झाला, मसालेभात दोनदा घेतला, तर सोमवारी काटा सव्वा किलो जास्त दाखवील. सव्वा किलो चरबी अंगावर यायला रोजच्या गरजेच्या वर साडेनऊ हजारांहून अधिक कॅलरी खाव्या लागतील. कितीही आग्रह झाला तरी एका पंगतीत हे होत नाही. ते मीठ आणि भातामुळे धरलेलं पाणी असतं, दोन-तीन दिवसांत निघून जातं. नव्याने व्यायाम सुरू केला की दुखावलेले स्नायू दुरुस्तीसाठी पाणी धरतात, त्यामुळे जिमच्या पहिल्या पंधरवड्यात वजन वाढलेलंही दिसू शकतं. अनेक बायकांचं वजन पाळीच्या आधी एखाद-दीड किलो वाढतं आणि नंतर आपोआप उतरतं. म्हणून बायकांनी या सोमवारची तुलना मागच्या सोमवारशी करू नये. मागच्या महिन्यात पाळीच्या याच दिवशी किती होतं, ते पाहावं.

आता एक अवघड गोष्ट. काही वेळा काटा हलत नाही, कारण खाणं आपल्याला वाटतं तितकं कमी झालेलं नसतं. ‘आम्ही काहीच खात नाही, तरी वजन उतरत नाही’ असं सांगणाऱ्या काही लोकांवर अमेरिकेत १९९२ साली एक बारकाईचा अभ्यास झाला. त्यांनी सांगितलेलं खाणं प्रत्यक्षापेक्षा जवळजवळ निम्म्याने कमी होतं आणि सांगितलेली हालचाल प्रत्यक्षापेक्षा निम्म्याने जास्त. ती माणसं खोटं बोलत नव्हती. खाल्लेलं लक्षात राहत नाही, एवढंच. आपल्या घरात ते नेमकं कुठे निसटतं, हे मला चांगलं दिसतं. फोडणी टाकताना बुधलीतून अंदाजाने ओतलेलं तेल: एक मोठा चमचा म्हणजे १२० कॅलरी, आणि तो एक चमचा क्वचितच असतो. मुलाच्या ताटात उरलेली पोळी. दुपारच्या चहाबरोबरची बिस्किटं. उपवासाची साबुदाण्याची खिचडी, जिच्यात नुसतं पिष्ट असलेला साबुदाणा, मूठभर दाण्याचा कूट आणि वर तूप असतं. एकादशीला पोट हलकं राहिलं असं वाटतं आणि हिशेब मात्र जड होतो. चार दिवस खाल्लेलं सगळं कागदावर लिहून काढा, चमचाभर तेलासकट. कुणाला दाखवायची गरज नाही.

आणि खाणं खरोखर कमी झालं, तरी शरीर गप्प बसत नाही. वजन उतरलं की हलक्या शरीराला चालायला कमी ऊर्जा लागते, विश्रांतीच्या वेळचा खर्चही घटतो. अमेरिकेतल्या वजन घटवण्याच्या एका प्रसिद्ध टीव्ही स्पर्धेतल्या १४ स्पर्धकांना केव्हिन हॉल यांच्या गटाने सहा वर्षांनी पुन्हा तपासलं. विश्रांतीच्या वेळचा त्यांचा ऊर्जाखर्च अपेक्षेपेक्षा रोज सुमारे ५०० कॅलरींनी कमी निघाला. ही टोकाची उदाहरणं होती, झपाट्याने आणि प्रचंड वजन उतरवलेली. पण ‘रोज इतकं कमी खा, दर आठवड्याला अर्धा किलो उतरेल’ हे गणित वर्षभर का चालत नाही, ते यातून समजतं. चार-सहा महिन्यांनी काटा थांबणं हा शरीराचा स्वभाव आहे. त्यात तुमचं काही चुकलेलं नसतं.

वजन या एकाच आकड्यावर भारतीय माणसाने विसंबू नये, याचा सर्वांत बोलका पुरावा पुण्यात आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी उभे असलेला फोटो २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. दोघांचा बॉडी मास इंडेक्स अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. उंचीच्या मानाने वजन तेच, आत चरबी दुपटीहून जास्त. पुण्याजवळच्या सहा गावांमध्ये याज्ञिकांनी गरोदर बायका आणि त्यांच्या बाळांचा दीर्घकाळ अभ्यास केला. तिथली बाळं इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा वजनाने बरीच कमी होती, तरी अंगावरची चरबी त्या मानाने टिकून होती. कमी होते ते स्नायू. आपली अडचण चरबी जास्त असण्याइतकीच स्नायू कमी असण्याचीही आहे. त्यामुळे डंबेल्स उचलून, उठाबशा काढून कुणी किलोभर स्नायू कमावला आणि पोटावरची किलोभर चरबी घालवली, तर काटा शून्य फरक दाखवील. (चरबीचं स्नायूत ‘रूपांतर’ होत नाही, एक घटते, दुसरा वाढतो.) डॉक्टरांना मात्र यापेक्षा चांगली बातमी देणं कठीण.

मग मोजायचं काय? कंबर. पण आधी एक जुनी गोष्ट. १९५३ साली जेरी मॉरिस यांनी लंडनच्या बसमधल्या ड्रायव्हर-कंडक्टरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दुमजली बसचे जिने दिवसभर चढणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार ड्रायव्हरांपेक्षा बराच कमी होता. मुंबईत बेस्टच्या डबल डेकरने प्रवास केलेल्यांना ती चढउतार आठवत असेल. पुढे मॉरिस आणि सहकाऱ्यांनी गणवेशाच्या नोंदी मिळवल्या आणि पँटच्या कमरेची मापं तपासली. ड्रायव्हरांच्या कमरा मोठ्या होत्या, हे अपेक्षितच. पण कंडक्टर सडपातळ असो की पोट सुटलेला, त्याला चढउतारीचा फायदा मिळतच होता. व्यायामाचं देणं वजनाच्या मार्फतच पोचतं असं नाही, हे तेव्हापासून माहीत आहे.

भारतीय पुरुषांची कंबर ९० सेंटीमीटरच्या आणि बायकांची ८० सेंटीमीटरच्या आत असावी, असं आपले तज्ज्ञ सांगतात. पँटच्या मापावर जाऊ नका. पोटाखाली पट्टा बांधणारे पुरुष वर्षानुवर्षं ३४ चीच पँट घालतात. शिंप्याची टेप घ्या. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, कपडा बाजूला करून, श्वास सोडल्यावर, टेप आवळून न धरता माप घ्या. महिन्यातून एकदा पुरे. आमच्या ओळखीच्या एक बाई शिवाजी पार्कला काही महिने नेमाने फेऱ्या मारत होत्या आणि वजन जेमतेम किलोभर उतरलं म्हणून रडकुंडीला आल्या होत्या. ब्लाउज शिवताना शिंपी आत माया ठेवतो, अंग वाढलं की एकेक टीप उसवत जायची. या बाईंनी आदल्या दिवाळीत शेवटची टीप उसवली होती. आता त्याच ब्लाउजला दोन्ही बाजूंनी नवी टीप घालावी लागली. दादरचा पूल त्या मध्ये न थांबता चढू लागल्या होत्या. हे त्यांनी स्वतःच सांगितलं, पण तक्रारीच्या ओघात, दुय्यम गोष्ट म्हणून. मला ती मुख्य गोष्ट वाटली.

बदल दिसायला प्रत्येक मापाचा आपला वेळ असतो. जेवणानंतर पंधरा मिनिटं चाललात तर साखरेवरचा परिणाम त्याच तासात होतो. काम करणारा स्नायू इन्शुलिनची फारशी वाट न पाहता रक्तातली साखर ओढून घेतो. झोप बहुधा काही आठवड्यांत सुधारते. रक्तदाब आणि विश्रांतीच्या वेळची नाडी यांना एक-दोन महिने द्यावे लागतात. सकाळी अंथरुणातच मनगटावर बोटं ठेवून नाडी मोजा, ७८ ची ७० झाली तर ते हृदयाने दिलेलं प्रशस्तिपत्रक आहे. एचबीए१सी तीन महिन्यांच्या आत पुन्हा करण्यात फारसा अर्थ नाही, कारण तांबड्या पेशी साधारण १२० दिवस जगतात आणि ही तपासणी त्यांच्यावर चढलेली साखर मोजते. माणसाचा धीर साधारण सहा आठवडे टिकतो, असा माझा अनुभव. त्या सहा आठवड्यांत हमखास बदलणारं काहीतरी हाताशी हवं, आणि वजन ते नव्हे.

काटा फेकून द्या, असं मात्र मी म्हणणार नाही. वजन उतरवून वर्षानुवर्षं टिकवणाऱ्या हजारो लोकांची नोंद अमेरिकेत १९९४ पासून ठेवली जाते. त्यांतले बहुतेक जण आठवड्यातून निदान एकदा वजन करतात. ज्यांना आकडा पाहून दिवस खराब जात नाही, त्यांनी ठरावीक वेळी, चहाच्या आधी वजन करावं आणि चार आठवड्यांची सरासरी पाहावी. ज्यांचा दिवस खराब जातो, त्यांनी महिन्यातून एकदाच करावं. सगळं मनापासून करूनही तीन-चार महिन्यांत वजन, कंबर, दम यांपैकी काहीच हललं नाही, किंवा काही न करता वजन वाढत चाललं, तर थायरॉइड तपासून घ्यावा. स्टेरॉइड, इन्शुलिन आणि मानसिक आजारांवरच्या काही औषधांनीही वजन वाढतं, तेव्हा औषधांची यादी डॉक्टरांना दाखवावी. औषध स्वतःहून बंद करू नये.

रोजच्या नोंदीसाठी अॅप चांगलंच, पण कालनिर्णयही पुरतं. दुधाचा खाडा जिथे मांडतो, त्याच चौकोनात व्यायामाचाही खाडा मांडावा. एक खाडा पडला तर पडू द्या. लागोपाठ तीन मात्र पडू देऊ नयेत, कारण व्यायामाने इन्शुलिनला मिळालेली मदत एक-दोन दिवसच टिकते. लग्नसराई असो की गणपती, दोन दिवसांपेक्षा जास्त गॅप नाही, एवढा नियम पाळता येतो. जमेल तसं कुणाच्या तरी सोबतीने चालावं. खाली गेटपाशी कुणी थांबलेलं असलं की पांघरुणातून उठणं सोपं जातं.

घरच्यांनाही थोडं सांगायचं आहे. ‘काय गं, किती उतरलं?’ हा प्रश्न तुम्ही प्रेमाने विचारता, पण त्याचं उत्तर बहुतेक आठवड्यांत ‘काही नाही’ असंच असतं आणि ते दर वेळी मोठ्याने म्हणायला लागतं. त्याऐवजी आज चालून आलीस का, गुडघा कसा आहे, हे विचारा. आणि ती संध्याकाळी बूट घालायला लागली की कुकर दुसऱ्या कुणीतरी लावा.