मूठभर पीठ आणि वाटेकरी

आपल्या पुष्कळशा मंडळ्यांत दानार्पणाविषयी प्रवचन करावयाचे असले की पाळकाला व धर्मशिक्षकाला दोन विधवांची आठवण हटकून होते : सारफथची विधवा आणि दोन टोल्या टाकणारी विधवा. दोघींची उदाहरणे योग्यच आहेत. परंतु ज्यांच्या घरी महिनाअखेर डबे रिकामे होतात अशा श्रोत्यांपुढे ही वचने ठेवताना ती संपूर्ण वाचण्याची जबाबदारी आपल्यावर येते. अपुरे वाचन सुवार्तेचे ओझे करून टाकते.

प्रथम सारफथचा विचार करू (१ राजे १७). करीथ ओहोळ आटल्यावर एलीया सीदोनाच्या प्रदेशात गेला, तो स्वतः भुकेला होता. देवाने त्याला कोणा सधनाच्या वाड्यावर धाडले नाही, तर शेवटची भाकर भाजून मुलासह मरणाची वाट पाहणाऱ्या एका परजातीय स्त्रीकडे धाडले. त्याने प्रथम आपल्यासाठी मागितले, हे वाचताना आपण क्षणभर अडखळतो. मात्र संदेष्टा भाकर घेऊन पुढे निघून गेला नाही. तो, ती आणि तिच्या घरचे यांनी पुष्कळ दिवस त्याच मडक्यातले खाल्ले, असे पंधराव्या वचनात आहे. मागणारा त्याच चुलीशी राहिला; तिचा दुष्काळ तो त्याचाही दुष्काळ झाला. त्यागाची मागणी करण्याचा अधिकार त्याला कशाने शोभला, याचे उत्तर येथे आहे.

दुसरी गोष्ट मार्काच्या बाराव्या अध्यायातील. आपले वाचन बहुधा एकेचाळिसाव्या वचनापासून सुरू होते. त्याआधीचे चाळिसावे वचन आपण गाळतो, आणि त्यात तर विधवांची घरे गिळणाऱ्या शास्त्र्यांना प्रभूने कठोर इशारा दिला आहे. त्यानंतर लगेच एक विधवा आपली सर्व उपजीविका पेटीत टाकते. प्रभू तिच्या अर्पणाचे मोल सर्व श्रीमंतांच्या देणग्यांपेक्षा अधिक ठरवतो. तथापि, गरिबांकडून असेच घ्या, असे तो शिष्यांना सांगत नाही. तिचा गौरव आणि धर्मपुढाऱ्यांचा न्याय ही दोन्ही एकाच प्रसंगात आहेत. धर्मसेवकाने पहिला भाग सांगून दुसरा झाकणे म्हणजे स्वतःला सोडून इतरांना उपदेश करणे होय.

मग थोडक्यातून देण्याचा नियम कोणता? तो पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या आठव्या अध्यायात सापडतो. यरुशलेमातील पवित्र जनांसाठी तो वर्गणी जमवीत होता. मासेदोनियातील मंडळ्या कमालीच्या दारिद्र्यात होत्या, तरी या सेवेत भाग मिळावा म्हणून त्यांनीच त्याला आग्रहाने विनविले. पौल करिंथकरांवर आज्ञा लादीत नाही. ज्याच्यापाशी जे आहे त्यावरून दान मान्य होते, जे नाही त्यावरून नव्हे, असे तो स्पष्ट करतो. एकाला आराम व दुसऱ्याला ताण असा हेतू नसून समता व्हावी, असे सांगून तो मान्न्याचा दाखला देतो. शिवाय रकमेविषयी कोणाला दोष लावता येऊ नये, म्हणून मंडळ्यांनी निवडलेला सोबती तो बरोबर घेतो.

या सेवेला पौलाने ‘कोइनोनिया’ हा ग्रीक शब्द योजला आहे. आपण त्याचे ‘सहभागिता’ असे भाषांतर करतो. मराठीतील ‘वाटा’ हा शब्द त्याच्या अधिक जवळ जातो. दान वरून खाली येते. वाटा मात्र भावाभावांत शेताचा असतो तसा हक्काचा असतो. ख्रिस्ताच्या घरात गरीब हा याचक नसून वाटेकरी आहे. आणि वाटेकऱ्याला घेण्याचा जसा हक्क आहे, तसाच देण्याचाही मान आहे. त्याच्याकडून काहीच न घेणे हाही एक प्रकारचा अपमानच.

हा मान कसा राखावा, याचे एक उदाहरण मिझोरामच्या मंडळीत आहे. १९१० मध्ये तेथे ‘बुहफाई थाम’, म्हणजे मूठभर तांदूळ, ही प्रथा सुरू झाली. घरातील स्त्री भात शिजविण्यापूर्वी दर वेळी एक मूठ तांदूळ प्रभूसाठी बाजूला ठेवते; मंडळीतील स्त्रिया तो गोळा करतात, आणि त्याच्या विक्रीची रक्कम देवाच्या कार्यास लागते. बांबू फुलला की उंदीर माजून पिकांचा नाश होतो व दुष्काळ पडतो, असा हा प्रदेश. १९११-१२ मध्ये तेथे असाच दुष्काळ पडला होता. त्या स्त्रियांच्या हाती पैसा नसे, पण चूल होती. मूठ श्रीमंताची आणि गरिबाची सारखीच. शेवटचा दाणाही न मागता प्रत्येकीला देणारी होण्याचा मान या प्रथेने दिला.

यावरून आपल्या सेवेसाठी तीन गोष्टी निघतात. मागण्यापूर्वी आपण लोकांच्या दुष्काळात वाटेकरी आहोत काय, हे तपासावे. अर्पणाचे माप असे ठेवावे की सर्वांत गरीब घरालाही ते लाजेविना देता येईल, आणि त्याचा हिशेब मंडळीपुढे उघडा असावा. तिसरी गोष्ट अशी की, ज्या घरातून आज मूठ आली, त्याच घराचे मडके उद्या रिकामे झाले तर मंडळीची मूठ तिकडे वळावी. तसे घडेल तरच सारफथचे वचन आपल्या तोंडी शोभेल.