आर्नोकाठची शाळा

कलेचा विद्यार्थी इटलीच्या प्रवासास निघाला की घरची मंडळी त्याला दोन गोष्टी बजावतात : प्रकृतीस जपावे आणि सर्व काही पाहून यावे. पहिली सूचना त्याने अवश्य पाळावी. दुसरी मात्र फारशी मनावर घेऊ नये, असे आम्हांस वाटते. फ्लॉरेन्स नगरीत सर्व काही पहावयास निघालेला मनुष्य सायंकाळी दुखरे पाय आणि तिकिटांची चळत घेऊन परततो. वाचकहो, आपला मुलगा किंवा मुलगी अशा अभ्याससहलीस जाणार असेल, तर तीनच स्थळे त्यांच्या वहीत लिहून द्या.

पहिले स्थळ उफिझी. या शब्दाचा अर्थच मुळी ‘कचेऱ्या’ असा आहे. राज्यकारभाराच्या कचेऱ्यांसाठी ही इमारत उभारण्यास वासारीने १५६० साली आरंभ केला. आज तेथे बोत्तिचेल्लीच्या ‘व्हीनसचा जन्म’ या चित्रापुढे जगभरचे प्रवासी दाटीवाटीने उभे असतात. पण ही संपदा त्या गावातच कशी राहिली, हे विद्यार्थ्याने आधी जाणून घ्यावे. मेडिची घराण्याची अखेरची वारस आना मारिया लुइझा हिने १७३७ साली नव्या राजघराण्याशी करार केला. घराण्याचा कलासंग्रह तिने तस्कनीच्या राज्यास देऊन टाकला; अट एवढीच, की त्यातील वस्तू फ्लॉरेन्सबाहेर जाता कामा नये. १७६९ साली संग्रहालय लोकांस खुले झाले.

दुसरे स्थळ तेथील महामंदिराचा, म्हणजे कॅथीड्रलचा, घुमट. १४०१ साली बाप्तिस्मागृहाच्या ब्राँझच्या दारांसाठी स्पर्धा झाली. ते काम गिबेर्तीस मिळाले आणि तरुण ब्रुनेलेस्की मागे राहिला. जुने चरित्रकार सांगतात, की त्यानंतर तो मित्र दोनातेल्लोसह रोमला गेला व प्राचीन अवशेषांची मापे घेत हिंडला. हे दोघे गुप्तधन शोधीत आहेत, असा लोकांचा समज झाला होता! पुढे १४२० ते १४३६ या काळात, जमिनीपासून लाकडी आधार न उभारता, त्याने हा प्रचंड घुमट चढविला. त्याच्या ४६३ पायऱ्या चढताना दोन कवचांमधून वाट जाते, आणि बांधणीचे मर्म हाताच्या अंतरावर दिसते. येथे वेळ आधी राखून ठेवावी लागते, हे विसरू नये.

तिसरे स्थळ सांता क्रोचे. ४ नोव्हेंबर १९६६ रोजी आर्नो नदी फुगून शहरात शिरली. चिखल आणि तेल यांनी माखलेल्या पाण्यात चिमाब्वेचा रंगविलेला भव्य क्रूस सापडला आणि त्यावरील रंगाचा बहुतांश भाग वाहून गेला. त्या दिवसांत देशोदेशींचे विद्यार्थी स्वतःहून धावून आले. राष्ट्रीय ग्रंथालयाच्या तळघरातून त्यांनी रांगा करून, हातोहात भिजलेले ग्रंथ बाहेर काढले. त्यांना लोक ‘चिखलातले देवदूत’ म्हणू लागले. क्रूस १९७६ साली परत आला, तो मात्र जखमांसह. गेलेल्या भागी नवे चित्र काढण्याचा मोह तज्ज्ञांनी टाळला. तेथे रंगांच्या बारीक रेषांचे जाळे भरले. दुरून ते डोळ्यांस खुपत नाही, जवळून मात्र काय हरपले ते लपत नाही.

या क्रूसापुढे आपल्या विद्यार्थ्यास अजिंठा आठवावा. १९२० साली हैदराबाद संस्थानाने तेथील चित्रांच्या रक्षणासाठी इटलीहूनच चेकोनी आणि ओर्सिनी या दोघां तज्ज्ञांस बोलाविले होते. सुटू लागलेला गिलावा त्यांनी सावरून धरला, ही त्यांची थोर सेवा. परंतु चित्रांवर दिलेले लाखेचे रोगण पुढे पिवळे पडले, आणि ते काढण्याचे जिकिरीचे काम नंतरच्या पिढ्यांवर येऊन पडले. सद्‌हेतूने केलेला उपायही कलाकृतीस भोवू शकतो; म्हणून जपणुकीची विद्या शिकावी लागते.

तेव्हा प्रवासी परत आला, की किती संग्रहालये पाहिलीस, असे त्यास विचारू नका. कोणत्या एका वस्तूपुढे तासभर बसलास आणि ती आजवर कुणी राखली, एवढेच विचारा. उत्तर मिळाले, तर पुढच्या सुटीत त्याच वहीसह त्याला अजिंठ्यास पाठवा.