'इज' कीं 'आर'?

ठाणें, डोंबिवली किंवा कल्याण येथील सुशिक्षित घरांत नोकरीचा इंग्रजी अर्ज लिहितांना लेखणी शब्दांवांचून सहसा अडत नाहीं. ती अडते 'इज' लिहावें कीं 'आर', येथें. आणि पहिल्याच ओळींत ही चूक दिसली, तर वाचणाऱ्याचें मत तेथेंच बनतें.

'कल्याण व डोंबिवली येथील शाखांसह ठाण्याचें कार्यालय बंद आहे.' या वाक्यांत 'आहेत' असें कोणी म्हणणार नाहीं. 'शाखांसह' या पदाचें सामान्यरूपच सांगतें कीं शाखा कर्ता नव्हेत. शिवाय कार्यालय क्रियापदाच्या जवळ आहे. इंग्रजींतहि नियम हाच. 'दि ठाणे ऑफिस, अलाँग विथ दि ब्रँचेस ॲट कल्याण अँड डोंबिवली, इज क्लोज्ड.' मात्र तेथें 'ब्रँचेस' या शब्दाचें रूप पालटत नाहीं, आणि कर्ता व क्रियापद यांच्यामध्यें तो येऊन बसतो. म्हणून 'आर'चा मोह होतो. 'टुगेदर विथ', 'ॲज वेल ॲज', 'इन्क्लूडिंग' यांनीं आणलेली मंडळी पाहुणी होय. ती स्वल्पविरामांसह बोटानें झांकावी, म्हणजे 'ऑफिस इज' एवढेंच उरतें. खाडीवर पूल बांधून आगगाडी १८५४ सालीं कल्याणास नेण्यांत आली. तेथेंहि 'दि लाइन, विथ इट्स ब्रिजेस, वॉज ओपन्ड' असेंच लिहावें लागेल.

'अँड'ची गोष्ट निराळी. तें दोघांस सारखा हक्क देतें, म्हणून 'कल्याण अँड डोंबिवली आर'. परंतु १९८३ सालीं स्थापन झालेली कल्याण-डोंबिवली महानगरपालिका दोन गांवांचें नांव घेऊनहि एकच संस्था आहे. तिला 'इज'च हवें.

मराठी माणूस फसतो तो बहुधा येथें. 'सदरा आणि टोपी हरवली' हें निर्दोष मराठी आहे. निर्जीव वस्तूंच्या बाबतींत क्रियापद पुष्कळदां शेवटच्या नामाचें लिंगवचन घेतें. हीच संवय इंग्रजींत नेली, कीं 'वॉज लॉस्ट' असें चुकीचें लिहिलें जातें. तेथें 'वेअर'च पाहिजे. शेजारच्या नामाचा अधिकार इंग्रजी मानतें तें 'ऑर'च्या वाक्यांत: 'आयदर दि क्लार्क्स ऑर दि सुपरिंटेंडंट हॅज दि की'. असें वाक्य कानाला खटकतें, म्हणून अनेकवचनी नाम शेवटीं ठेवून 'हॅव्ह' वापरणें अधिक बरें.

आदरार्थी बहुवचनानेंहि घोटाळा होतो. मराठींत एकटे कलेक्टरसाहेब 'आले आहेत'. इंग्रजींत मात्र बरोबर दहा कारकून असले तरी, 'दि कलेक्टर, ॲज वेल ॲज हिज क्लार्क्स, हॅज अराइव्हड'.