तरवडाला दुबार पेरणी लागत नाही

हिंगोली जिल्ह्यातील साखरा गावासारख्या भागात मुरमाड माळांवर पिवळ्या फुलांचे एक झुडूप दिसते. हा तरवड, शास्त्रीय नाव सेना ऑरिक्युलाटा. त्याच्या सालीत टॅनिन भरपूर असते, म्हणून ती कातडी कमावण्यासाठी वापरत. गुरे त्याला सहसा तोंड लावत नाहीत. शाळेच्या आवारात लावायला असे झाड सोयीचे. पण बी पेरले की निराशा होते. वीस बिया पेराव्यात, रोज पाणी घालावे आणि उगवाव्यात मोजक्याच! मुले म्हणतात, "बी खराब आहे." खरेच का?

आपण एक प्रयोग करू. वाळलेल्या शेंगांतून तीस बिया काढून दहा-दहाचे तीन गट करा. पहिला गट तसाच ठेवा. दुसऱ्या गटातील प्रत्येक बी, देठाकडची बाजू सोडून, पॉलिशपेपरवर थोडी घासा. तिसऱ्यासाठी पाणी उकळून भांडे खाली उतरवा, दोन मिनिटांनी बिया टाका आणि रात्रभर निवू द्या. (हे काम शिक्षकांनी करावे.) पहिले दोन गटही रात्रभर साध्या पाण्यात भिजवा. सकाळी प्रत्येक गटात किती बिया फुगल्या ते मोजा.

पहिल्या गटातील बहुतेक बिया भिजवलेल्या हरभऱ्यासारख्या फुगत नाहीत. बीच्या टरफलात उभ्या पेशींचा दाट थर असतो. त्यातून पाणी आत शिरत नाही. घासल्याने किंवा गरम पाण्याने त्याला वाट मिळते. म्हणजे बी मेलेले नव्हते, कोरडे होते.

यात झाडाचा फायदा काय? मृगाची एक सर पडते, सोयाबीन एकदम उगवते आणि नंतर पंधरा दिवस उघाड पडली तर रोपे करपतात. शेतकऱ्याला दुबार पेरणी करावी लागते. तरवडाच्या बियांची टरफले मात्र ऊन, थंडी आणि खड्यांचे घर्षण सोसत वेगवेगळ्या वेळी सैल होतात. काही बिया यंदा उगवतात, काही पुढच्या वर्षी. पहिली रोपे करपली तरी बियांचा साठा मातीत शिल्लक असतो.

म्हणून कुंडीत प्रक्रिया केलेले बी लावावे. माळावर मात्र निम्मे प्रक्रिया केलेले आणि निम्मे तसेच बी, पाऊस स्थिरावल्यावर, सुमारे एक सेंटिमीटर खोल टोकावे. सगळ्याच बियांची टरफले घासली तर झाडाने राखलेला साठा आपणच एका पावसावर उधळू.

पेरलेली जागा दुसऱ्या पावसाळ्यातही पाहा. तेव्हा नवी रोपे दिसली, तर ती कोणत्या गटातील असतील?