जुन्या मोटारीच्या धमन्या

होळकर आणि पवार संस्थानांच्या आठवणी जपणाऱ्या माळव्यात जुन्या मोटारींविषयी आजही कौतुकाने बोलले जाते. इंदूरचे महाराज यशवंतराव होळकर (दुसरे) यांनी १९३० च्या दशकाच्या मध्यास अमेरिकेतील ड्यूसेनबर्ग कंपनीच्या 'एसजे' मोटारीवर लंडनच्या गर्नी नटिंग यांच्याकडून देखणी बॉडी बांधून घेतली होती. तिच्या सुमारे ६.९ लिटरच्या आठ सिलिंडरी इंजिनाची शक्ती ३२० अश्वशक्ती सांगितली जाई.

अशी मोटार पुन्हा उभी करताना लक्ष जाते ते रंगाकडे, क्रोमकडे आणि बैठकीकडे. टाकीतून इंजिनापर्यंत पेट्रोल नेणारी करंगळीएवढी नळी मात्र दुर्लक्षित राहते. गाडी पेटण्याचा धोका तिच्यातच दडलेला असतो.

या नळीचा मार्ग ठरविताना तीन शत्रूंचा विचार करावा लागतो : उष्णता, घर्षण आणि कंपन. एक्झॉस्टपासून नळी दूर ठेवावी. अंतर मिळत नसेल तर मध्ये उष्णतारोधक पत्रा घालावा. एक्झॉस्टच्या किंवा विजेच्या जोडणीच्या वर नळीचा सांधा कधीही येऊ देऊ नये. ठिबकलेला थेंब तेथेच पडतो. चासीच्या छिद्रातून नळी नेताना रबरी कडे बसवावे आणि फूट-दीड फुटावर रबर लावलेल्या क्लिपांनी ती आवळावी. इंजीन हलते, चासी त्याबरोबर हलत नाही. म्हणून दोहोंमधला तुकडा लवचीकच हवा. शुद्ध तांब्याची नळी सततच्या कंपनाने कडक होऊन तडकते. पोलाद किंवा तांबे-निकेलचा मिश्रधातू अधिक विश्वासार्ह.

इंजिनावरील पंप पेट्रोल शोषून घेतो. दाब कमी झाला की द्रव कमी तापमानाला उकळतो, हे वैद्यकांस वेगळे सांगणे नलगे. मे महिन्याच्या दुपारी इंदूरहून उदयनगरकडे येताना तापलेल्या नळीत वाफ होते, पेट्रोल अडते आणि गाडी चढावर बंद पडते. रक्तवाहिनीत हवेचा बुडबुडा अडावा, तसाच हा प्रकार. म्हणून नळी थंड बाजूने न्यावी. टाकीजवळ विजेचा पंप बसविल्यास तो पेट्रोल ढकलतो व ही अडचण कमी होते. मात्र अपघातात तो आपोआप बंद करणारा स्विच अवश्य जोडावा.

आता यात इथेनॉलची भर पडली आहे. २०२५ पासून देशभर पेट्रोलमध्ये सुमारे २० टक्के इथेनॉल मिसळले जाते. ते जुने रबर फुगवते, मऊ करते आणि ओलावा शोषून पत्र्याच्या टाकीला गंज आणते. त्यामुळे मूळ रबर जपण्याचा हट्ट येथे जीवघेणा ठरतो. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या वाहनांना 'व्हीए' मालिकेचा क्रमांक मिळतो. त्यासाठी चासी, बॉडी व इंजीन मूळचे असावे, अशी अपेक्षा आहे. इथेनॉलला टिकणारे रबर वापरल्याने यांपैकी कशालाही धक्का लागत नाही. धातूच्या नळीचा मूळ मार्ग निर्दोष असेल तर तो जपावा. रबर मात्र आजचेच असावे.

काम झाल्यावर इंजीन तापू द्यावे, मग ते बंद करून टॉर्चने प्रत्येक सांधा तपासावा. पेट्रोलचा मंद वासही लक्षण समजून कारण सापडेपर्यंत गाडी रस्त्यावर आणू नये. आसनाजवळ पावडरीचे अग्निशामक यंत्र ठेवावे. वारसा जपायचा तर त्यासोबत चालविणाऱ्याचा जीवही जपलाच पाहिजे.