घरांतील मारहाण आणि शेजारधर्म

मुंबईच्या जुन्या चाळींत दोन बिऱ्हाडांमधील भिंत कित्येकदां नुसत्या फळ्यांची असे. पलीकडे वाटी पडली तरी अलीकडे कळे. तेथील शेजारीपाजारी एकमेकांच्या आजारांत रात्र रात्र जागत, बाळंतिणीला डबा पोंचवीत, पोर चुकलें तर साऱ्या गल्ल्या धुंडीत. परंतु त्याच भिंतीपलीकडून फटक्याचा आवाज आणि पाठोपाठ दाबलेला हुंदका ऐकूं आला, कीं तींच माणसें दिवा मालवून स्वस्थ पडत. सकाळीं नळावर तिच्या सुजलेल्या डोळ्याकडे सर्वांचें लक्ष जाई आणि बोलणें मात्र पाण्याविषयीं होई. आज चाळींच्या जागीं उंच इमारती उभ्या राहिल्या, भिंती पक्क्या झाल्या, दारें जाड झालीं. न ऐकल्याची सबब तेवढी अधिक सोयीची झाली आहे.

नवराबायकोच्या भांडणांत तिऱ्हाइतानें पडूं नये, हा आपल्याकडील जुना संकेत. भांडणापुरता तो शहाणपणाचाहि आहे. परंतु भांडण निराळें आणि मारहाण निराळी. भांडणांत दोघेहि बोलतात; मारहाणीच्या घरांत एक जण मारतो आणि दुसरें माणूस जिन्यावरील पावलांच्या आवाजावरून आजची संध्याकाळ कशी जाणार याचा अंदाज बांधीत जगतें. हें केवळ दारूच्या गुत्त्याशेजारील वस्तींत घडतें अशी सुशिक्षितांची समजूत असते, तिला आधार नाहीं. २०१९ ते २०२१ या काळांत झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत १८ ते ४९ वयाच्या, विवाह झालेल्या स्त्रियांपैकीं देशांत शेंकडा २९ जणींनीं आणि महाराष्ट्रांत शेंकडा २५ जणींनीं पतीकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसल्याचें सांगितलें. त्याच पाहणींतील दुसरा आंकडा अधिक विचार करावयास लावणारा आहे. हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकीं कोणाकडे तरी मदत मागणाऱ्या देशभरांत शेंकडा १४ च निघाल्या.

बाकीच्या गप्प कां राहिल्या? घर नवऱ्याच्या नांवावर, मुलांची शाळा त्याच्या पगारावर, आणि माहेरीं गेलें तर ‘दिल्या घरीं सुखी राहा’ हें उत्तर ठरलेलें. त्यांतून कोणी मन मोकळें केलेंच, तर ऐकणारा पहिल्याच वाक्याला विचारतो, “पण तूं काय बोललीस?” असा प्रश्न एकदां ऐकलेली स्त्री दुसऱ्यांदां कोणाजवळ तोंड उघडीत नाहीं.

तरीहि ती घराबाहेर पडते, हें ध्यानांत घेण्यासारखें आहे. जखम झाली तर ती इस्पितळांत जाते आणि ‘मोरींत पाय घसरला’ म्हणून सांगते. अगदींच असह्य झालें तर पोलीस चौकीच्या पायरीपर्यंत येते. तेव्हां तिनें कोठें तरी दूरच्या कचेरींत यावें अशी वाट पाहत बसण्यापेक्षां, ती जेथें येतेच तेथें ऐकणारें माणूस बसवावें, हा साधा पण मोलाचा विचार मुंबईंत प्रथम अमलांत आला. १९८४ सालीं टाटा सामाजिक विज्ञान संस्थेनें मुंबई पोलीस आयुक्तांच्या कचेरींत महिला व मुलांसाठीं विशेष कक्ष उघडला. तेथें बसणारी समाजसेविका पोलीस नव्हे. परंतु ती पोलिसांच्या छपराखालीं बसते, आणि म्हणून तिचें बोलावणें आलें कीं घरांत सिंहासारखा वावरणारा पुरुष मुकाट्यानें येऊन खुर्चीवर बसतो. स्त्रीची हकीकत लिहून घेणें, अडकवून ठेवलेले दागिने व कागदपत्रें परत मिळवून देणें, फिर्याद द्यावयाची असेल तर ती नोंदली जाईल असें पाहणें, हीं तेथील नित्याचीं कामें. पुढें राज्य सरकारनें ही व्यवस्था स्वीकारली आणि असे कक्ष इतर जिल्ह्यांतहि झाले.

दुसरा दरवाजा इस्पितळाचा. वांद्र्याच्या भाभा रुग्णालयांत मुंबई महानगरपालिका आणि ‘सेहत’ ही संस्था यांनीं मिळून २००० सालीं ‘दिलासा’ केंद्राची स्थापना केली. येथें डॉक्टर व परिचारिका यांना एक निराळेंच शिक्षण दिलें जातें: जखम आणि तिची सांगितलेली हकीकत यांचा मेळ बसतो कीं नाहीं, तें पाहण्याचें. मोरींत घसरलेल्या बाईच्या दंडावर बोटांचे वळ उमटत नाहींत. अशी शंका आली, कीं बरोबर आलेल्या नातलगांना बाहेर थांबवून एकांतांत हलक्या आवाजांत विचारावयाचें. तिनें सांगितलें तर तें केसपेपरावर नोंदलें जातें. पुढेंमागें न्यायालयांत त्या चार ओळी साक्षीदाराचें काम करतात. तिनें न सांगितलें तरी हरकत नाहीं. विचारणारें कोणी आहे एवढें तिला कळलेलें असतें, आणि पुष्कळ जणी दुसऱ्या खेपेला बोलतात.

तिसरा दरवाजा शेजाऱ्याचा, आणि त्याला कायद्यानेंहि स्थान दिलें आहे, ही गोष्ट फारच थोड्यांना ठाऊक असते. २००५ चा कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचें संरक्षण करणारा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून अमलांत आहे. मारहाणीबरोबरच शिवीगाळ, मानहानि, पगार काढून घेणें, खर्चास पैसे न देणें यांनाहि तो हिंसाच म्हणतो, आणि पत्नीप्रमाणें घरांतील आई, बहीण, विधवा भावजय यांनाहि त्याचा आश्रय आहे. त्याच्या चौथ्या कलमाप्रमाणें, अशी हिंसा घडली, घडत आहे किंवा घडण्याचा संभव आहे असें मानण्यास ज्याला कारण आहे, असा कोणीहि मनुष्य संरक्षण अधिकाऱ्याला तसें कळवूं शकतो. आणि सद्भावनेनें कळविणाऱ्यावर त्याबद्दल दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाहीं. ‘उगीच कोर्टाच्या पायऱ्या आपल्या नशिबीं कशाला’ म्हणणाऱ्या सद्गृहस्थांनीं हें कलम एकवार वाचावें. पुढील काम मॅजिस्ट्रेटचें. मारहाण थांबविण्याचा, घरांत राहूं देण्याचा, खर्चाचा आणि मुलांच्या ताब्याचा हुकूम तो देऊं शकतो. घर कोणाच्याहि नांवावर असो, तेथें राहण्याचा तिचा हक्क सतराव्या कलमानें मानलेला आहे. संरक्षणाचा हुकूम मोडणाऱ्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊं शकतात. अर्जाचा निकाल साठ दिवसांत लावण्याचा प्रयत्न व्हावा असें कायदा म्हणतो. प्रत्यक्षांत तारखा लांबतात, आणि नेमक्या त्याच काळांत आधाराची गरज सर्वांत अधिक असते.

तो आधार कसा द्यावा, हें धारावीसारख्या वस्तींत ‘स्नेहा’ या संस्थेबरोबर काम करणाऱ्या बायकांकडून शिकण्यासारखें आहे. यांना ‘संगिनी’ म्हणतात. त्या त्याच गल्लींत राहणाऱ्या, त्याच नळावर पाणी भरणाऱ्या. म्हणून कोणाच्या दारांत उभ्या राहिल्या तरी कोणाला नवल वाटत नाहीं. अशा कामाची पहिली रीत म्हणजे तिच्यासाठीं आपण निर्णय न घेणें. ‘सोडून दे त्याला’ हें सांगणें सोपें; पण स्त्री घर सोडूं पाहते तोच काळ बहुधा सर्वांत धोक्याचा असतो, आणि तो धोका तिच्याइतका दुसऱ्या कोणाला कळत नाहीं. तिच्या नवऱ्याला परस्पर जाब विचारणारा शेजारी शूर दिसतो खरा. त्याची किंमत ती रात्रीं भरते. त्यापेक्षां आरडाओरड ऐकूं येतांच दाराची घंटा वाजवून विरजण मागावें. २००८ सालीं ‘बेल बजाओ’ या मोहिमेनें हीच युक्ति देशभर सांगितली. मारणारा हात तेवढ्यानें क्षणभर तरी थांबतो, आणि आपलें ऐकणारें कोणी आहे हें दोघांनाहि समजतें. जीवावर बेतलें असेल तर मात्र विरजण नव्हे, ११२ क्रमांकावर पोलीस बोलवावे. सल्ल्यासाठीं स्त्रियांकरितां १८१ हा क्रमांक आहे.

ती एकटी भेटेल तेव्हां विचारावें, आणि तिनें सांगितलेलें जिन्यावर नेऊं नये. सहानुभूति दाखवीत बातमी काढणारी शेजारीण ही त्या घरावर दुसरी आपत्ति होय. तिचें आधार कार्ड, मुलांचे दाखले, बँकेचें पुस्तक, इस्पितळाचे कागद यांच्या प्रती आपल्या कपाटांत ठेवाव्या. खिडकींत अमुक रंगाचा टॉवेल दिसला म्हणजे बोलवावयाचें, अशी खूण ठरवावी.

जातीच्या पंचांनीं किंवा वडीलधाऱ्यांनीं बैठक भरवून ‘दोघांनींहि थोडें सांभाळून घ्या’ म्हणण्याची चाल अजून गेलेली नाहीं. तींत मार खाणाऱ्याला आणि मारणाऱ्याला एकाच तागडींत घातलें जातें. समेट व्हावा असें तिच्याच मनांत असेल, तर मारहाण बंद ही अट आधीं आणि बाकीचें बोलणें मागाहून.

घर सोडावेंच लागलें तर राहावयाचें कोठें, हा प्रश्न मात्र बिकट आहे. जोतीराव फुल्यांनीं १८६३ सालीं पुण्यांत संकटांतील विधवांसाठीं आपलें दार उघडलें, पंडिता रमाबाईंनीं १८८९ त शारदासदन काढलें. आज सरकारी व संस्थांचीं आधारगृहें आहेत, ‘सखी’ केंद्रांत कांहीं दिवसांचा निवाराहि मिळतो. परंतु पुष्कळ आधारगृहें वयांत येऊं लागलेल्या मुलाला आईबरोबर ठेवून घेत नाहींत. तेरा-चौदा वर्षांच्या मुलाला मागें टाकून जावयाचें कसें, एवढ्यावरून कित्येक जणी भरलेली पिशवी पुन्हां उलगडतात. तेथें एखाद्या मावशीनें किंवा समोरच्या बिऱ्हाडानें तो मुलगा वार्षिक परीक्षेपर्यंत आपल्याकडे ठेवून घेतला, तर तिला ती पिशवी उचलतां येते.