इंटर्नशिप हवी, पण फुकट नको
एमबीबीएसची पदवी वर्षभराच्या आंतरवासितेशिवाय पूर्ण होत नाही. रुग्ण तपासणे निव्वळ पुस्तकातून येत नाही, हे वैद्यकशिक्षणाने केव्हाच मान्य केले. हिशेब, वार्तांकन, यंत्रदुरुस्ती यांनाही तोच न्याय लागू होतो. १९६१चा शिकाऊ उमेदवार कायदा विद्यावेतन बंधनकारक करतो, पण महाविद्यालयीन मुलांच्या कितीतरी इंटर्नशिप त्याच्या कक्षेबाहेर, बिनपैशाच्या असतात. शिकणाऱ्याला पैसे कशाला, असे आस्थापना म्हणतात. पण फुकट राबणे घरून खर्च मिळणाऱ्यालाच परवडते. परभणीहून पुण्यात आलेल्या मुलीला खोलीभाडे चुकत नाही. राज्याच्या २०२४च्या युवा कार्य प्रशिक्षण योजनेने पदवीधराला महिना १०,००० रुपये ठरवले, तेही शिक्षण संपल्यावर. सशुल्क इंटर्नशिपची खरी गरज त्याआधीच असते, काम जमले नाही तर क्षेत्र बदलायला वेळ हाताशी असतो तेव्हा.